बदलाचं कारण

ताजन्यांच्या ग्रुपवर तीन आठवडे एकच वाद:
वंशावळ मांडायची कुठे?
मस्कतचा गुणवंत म्हणतो, पैसे मी भरतो, कुलूपवालं घ्या,
आपलं झाड आपल्या आलमारीत.
नागपूरची मृणाल म्हणते, फुकटचं घ्या,
सगळ्या जगाचं एकच झाड, गावच्या हातपंपासारखं,
कोणीही यावं, दांडा हलवावा.
प्रल्हादकाका म्हणतात, भाटाच्या पोथीले काय झालं होतं?
(त्या पोथीत एक बाई नाही. हे मी टाइप केलं
आणि पाठवलं नाही.)

काम शेवटी माझ्या गळ्यात.
अडाण नदीच्या अलीकडे सेवा केंद्र एवढंच,
प्रिंटर माझा, इन्व्हर्टर माझा,
आणि माहेरी परत आलेल्या बाईजवळ
वेळच वेळ असतो, असं सगळ्यांना वाटतं.

म्हटलं, एकच माणूस दोन्हीकडे टाकून पाहू.
टाकली झिंगाबाई,
पणजोबांची धाकटी बहीण.
माहेरी झिंगी. कारंज्याला दिली, तिथे सुभद्रा.
नवरा मानमोडीत गेला, मग उमरखेडला पाट लागला,
तिथे कौसल्या.
जन्म टोळधाडीच्या साली, ज्वारी हुरड्यात असताना.

कुलूपवाल्याला ज्वारी समजली नाही.
दिवस, महिना, साल, लाल अक्षरात.
अर्ध्या गावाच्या आधारवर आहे
तीच एक जानेवारी मी तिलाही दिली.
हातपंपवाल्याकडे 'सुमारे' असा एक चौकोन निघाला,
खाली टिपणाला जागा.
टोळ मावले. हुरडा मावला.

मग त्यानं विचारलं:
ही तीन माणसं एकच आहेत का?
खाली हो आणि नाही.
बाहेर पिठाच्या गिरणीचा पट्टा फडफडत होता.
शंभर वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं
आणि विचारलं तेही कोणी माणसानं नाही.
मी हो दाबलं.
तर उमरखेडच्या कोणा अनोळखी देवसरकराची
कौसल्या तिथे आधीच बसलेली,
चार लेकरं, दोन सुना,
आणि माहेर: माहीत नाही.

पासवर्ड मी सगळ्यांना दिला होता, ही माझी चूक.
सकाळी पाहते तर
दोन्हीकडचा पाट गायब.
आलमारीत सगळं साफ, शेणानं सारवल्यासारखं,
झिंगाबाई कारंज्यातच विधवा राहून मेली.
हातपंपाकडे मात्र एक ओळ उरलेली:
गुणवंत ताजने यांनी नातं काढलं, रात्री ११.४२.
कारण: आणि पुढे कोरं.

फोन केला तर म्हणतो, "ताई, पोरीचं लग्न जमवाचं हाय मले,
जगाले कायले दाखवाचं?"
म्हटलं, दाखवू नको बापू, पण खोडलंस
तर खोडलं म्हणून दिसू दे.

एवढ्यावरच मी ठरवलं.
रंग, फोटोंची जागा, डॉलरातला दर
यांचा तक्ता मृणालनं केला होता, छान होता,
मी उघडला नाही.

'पूर्ववत करा' दाबलं.
त्यानं मलाही विचारलं, बदलाचं कारण?
लिहिलं: माहेर ताजने, अडाणकाठ.
माझ्या स्वतःच्या चौकटीत
अजून त्यांचंच आडनाव आहे.
ते नंतर.

ग्रुपवर टाकलं, फुकटचं घेतलं.
सतरा अंगठे आले.
गुणवंतनं ग्रुप सोडला,
संध्याकाळी त्याच्या बायकोनं मला वेगळा मेसेज केला,
झिंगाबाईचा फोटो आहे का कोणाकडे?
नाही. कोणाकडेच नाही.

समोर बेबीबाई उभ्या, रेशन कार्डाच्या केवायसीला.
त्यांचा अंगठा मशीनवर उमटत नाही,
जन्मभर निंदण केलेला, गुळगुळीत.
"पाय बरं अजून एक डाव," म्हणतात.
मी काच ओढणीनं पुसते,
त्यांचं बोट धरते,
दाबते.